वॉशिंग्टनच्या वेशीबाहेर: लाउडन काउंटीतले ग्रामीण घर

अमेरिकेतील मोठ्या शहरातून उठून जवळच्या ग्रामीण काउंटीत बिऱ्हाड हलवणे ही वरवर पाहता घर बदलण्याइतकी साधी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात त्या एका स्थलांतरात माणूस एका शासनव्यवस्थेतून दुसऱ्या शासनव्यवस्थेत जातो, आणि शहराने आजवर न सांगता उचललेली कित्येक कामे, पाणी आणण्यापासून मैला वाहून नेण्यापर्यंतची, नव्या जागी त्याच्या एकट्याच्या अंगावर येऊन पडतात. हे ओझे कसे असते, ते कोणत्या कायद्यांनी ठरते आणि ज्या हिरव्या माळरानाच्या ओढीने माणूस तेथे जातो ते माळरान टिकते तरी कशामुळे, हे समजून घेण्यासाठी व्हर्जिनिया राज्यातील लाउडन काउंटीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

काउंटी म्हणजे राज्याचा प्रशासकीय विभाग. अमेरिकेत असे तीन हजारांहून अधिक विभाग असून लुइझियाना राज्यात त्यांना पॅरिश आणि अलास्कात बरो म्हणतात. कनेक्टिकट राज्याने तर १९६० साली काउंटी सरकारे बरखास्तच केली आणि नावे तेवढी ठेवली. मराठी वाचक काउंटीचे भाषांतर जिल्हा असे करून मोकळा होतो, पण हे साम्य फार ताणता येत नाही. जिल्ह्याचा जिल्हाधिकारी वरून नेमला जातो, तर लाउडनमध्ये नऊ सदस्यांचे पर्यवेक्षक मंडळ मतदार निवडतात आणि पोलीसप्रमुख असलेला शेरीफ, सरकारी वकील, कोषाधिकारी, कर ठरवणारा महसूल आयुक्त हेही लोकांच्या मतांवर येतात. व्हर्जिनियाचा आणखी एक विशेष असा की तेथील अडतीस शहरे काउंटीच्या पोटात नसून तिच्यापासून पूर्ण स्वतंत्र आहेत, म्हणजे राज्य पंच्याण्णव काउंटी आणि अडतीस शहरे अशा दोन जातींच्या तुकड्यांत विभागलेले आहे. याउलट ‘टाउन’ म्हणून सनद मिळालेली गावे काउंटीतच राहतात. लाउडनमध्ये लीझबर्ग, पर्सेलव्हिल, मिडलबर्ग, लव्हेट्सव्हिल, हिल्सबरो, राउंड हिल आणि हॅमिल्टन अशी सात गावे आहेत आणि तेथील रहिवासी गावाचा आणि काउंटीचा असे दोन्ही कर भरतात. उरलेला सगळा प्रदेश गावठाणाबाहेरचा. अ‍ॅशबर्नची लोकसंख्या चाळीस हजारांच्या वर आहे, पण त्याला नगराध्यक्ष नाही, नगरपालिका नाही, ग्रामपंचायतीसारखेही काही नाही. टपालाच्या पत्त्यावरचे ते केवळ एक नाव आहे आणि त्याचा सारा कारभार काउंटीच पाहते.

लाउडनची स्थापना १७५७ साली शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीतून झाली आणि तिला नाव मिळाले ते व्हर्जिनियाचा तत्कालीन गव्हर्नर असलेल्या लाउडनच्या चौथ्या अर्लचे. उत्तरेला पोटोमॅक नदी, पश्चिमेला ब्लू रिज डोंगररांग आणि मध्ये सुमारे ५२० चौरस मैलांचा मुलूख, ज्यात दोनशे वर्षे गहू, गुरे आणि घोडे यांखेरीज फारसे काही घडले नाही. १९५० साली येथे २१,१४७ माणसे राहत होती. १९६२ साली काउंटीच्या पूर्व टोकाला डलस विमानतळ सुरू झाला, त्याच्यासाठी आणलेल्या सांडपाण्याच्या वाहिनीमुळे आसपास दाट वस्ती करणे शक्य झाले, आणि मग आकडे पळू लागले: १९७० साली ३७,१५०, २००० साली १,६९,५९९ आणि २०२० साली ४,२०,९५९. सत्तर वर्षांत वीसपट झालेल्या या लोकसंख्येचा फार मोठा भाग पूर्वेकडे, विमानतळाच्या आसपास राहतो. उत्तर-दक्षिण जाणारा १५ क्रमांकाचा हमरस्ता ओलांडून पश्चिमेला गेले की दगडी कुंपणे, गवताची कुरणे आणि द्राक्षमळे लागतात. शहरी पूर्व आणि ग्रामीण पश्चिम या एकाच काउंटीच्या दोन बाजू आहेत, आणि पश्चिमेला जाऊन राहणाऱ्याचे घरपट्टीचे पैसे व त्याची मते पूर्वेच्या लोकांच्या बरोबरीने एकाच पेटीत पडतात.

शहर सोडूनही शहराच्या आवाक्यात राहणाऱ्या या पट्ट्यासाठी इंग्रजीत ‘एक्झर्ब’ असा शब्द आहे. उपनगर शहराला चिकटलेले असते. एक्झर्ब त्याच्याही पलीकडे, मध्ये शेते राखून असलेले, पण नोकरीच्या दोरीने शहराला बांधलेले. ए. सी. स्पेक्टॉर्स्की या लेखकाने १९५५ साली न्यूयॉर्कभोवतीच्या अशा रहिवाशांवर पुस्तक लिहून हा शब्द रूढ केला. सरकारी मोजमापात मात्र अशा काउंटीला ग्रामीण म्हणत नाहीत, कारण ज्या काउंटीतील नोकरदारांपैकी किमान २५ टक्के लोक महानगराच्या गाभ्यात कामाला जातात तिला महानगर क्षेत्राचाच भाग धरले जाते. त्यामुळे लाउडनच्या पश्चिमेला चाळीस एकरांच्या कुरणात एकटे उभे असलेले घरही कागदोपत्री वॉशिंग्टन महानगरात मोडते, आणि ‘ग्रामीण काउंटी’ हे वर्णन भूगोलापेक्षा राहणाऱ्याच्या मनोभूमिकेचे अधिक ठरते.

या ग्रामीणपणाचा खरा आधार निसर्ग नसून भूवापराचे नियम आहेत, आणि येथेच नव्याने येणाऱ्या बहुतेकांचा अंदाज चुकतो. कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल आणि किती एकरांमागे किती घरे उभारता येतील हे ठरवणाऱ्या नियमावलीला अमेरिकेत झोनिंग म्हणतात. पश्चिम लाउडनमध्ये पूर्वी तीन एकरांमागे एक घर बांधता येत असे. या दराने साऱ्या शेतजमिनीचे तुकडे पडतील असे दिसू लागल्यावर काउंटीने २००३ साली नियम कडक केले, पण मार्च २००५ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. कारण मोठे गमतीचे होते. नियमांच्या आशयात न्यायालयाला काही वावगे दिसले नव्हते. बदलांची जी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात छापली होती तिच्यात त्यांचा पुरेसा सारांश दिला नव्हता, एवढ्यावरून सारे नियम पडले आणि तीन एकरांचा जुना हिशेब परत आला. अखेर डिसेंबर २००६ मध्ये नवी विभागणी झाली: उत्तरेकडच्या भागात मूळ दर वीस एकरांमागे एक घर आणि दक्षिणेकडे चाळीस एकरांमागे एक. तथापि घरे एका कोपऱ्यात गोळा करून उरलेली जमीन मोकळी ठेवल्यास उत्तरेत पाच आणि दक्षिणेत पंधरा एकरांमागे एक घर अशी सवलतही त्याच नियमांत होती. या गोळा केलेल्या घरांच्या पद्धतीला ‘क्लस्टर’ म्हणतात, आणि तिच्यातील अंतर्विरोध असा की मोकळी ठेवलेली जमीन कागदावर शेती राहते, पण शेजारी उभ्या राहिलेल्या वसाहतीमुळे तेथे मोठी शेती करणे अवघड होते.

काउंटीला याहून कठोर का होता येत नाही, याचे उत्तर डिलन नियमात आहे. आयोवातील न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ साली मांडलेल्या या तत्त्वानुसार स्थानिक संस्थेला राज्याने स्पष्टपणे दिलेले आणि त्यांतून अपरिहार्यपणे निघणारे अधिकार तेवढेच असतात, आणि व्हर्जिनिया हा नियम काटेकोरपणे पाळणारे राज्य आहे. नवी वसाहत आली की शाळा, रस्ते, अग्निशमन यांचा खर्च वाढतो. तो भरून काढण्यासाठी काउंटीला बांधकाम करणाऱ्यावर मनाप्रमाणे शुल्क लादता येत नाही. जमिनीचा वापर बदलून मागणाऱ्याने ‘स्वखुशीने’ रस्ता, शाळेची जागा किंवा रोख रक्कम देऊ करायची, अशी एक पळवाट रूढ झाली. हिला ‘प्रॉफर’ म्हणतात आणि २०१६ साली राज्याने तिच्यावरही मर्यादा घातल्या. ज्याला जमिनीला लागू असलेल्या नियमांनुसारच बांधायचे आहे त्याला हे देणेही लागू होत नाही.

नियमांकडून जमिनीखाली उतरले की पाण्याचा प्रश्न येतो, आणि ग्रामीण घराच्या बाबतीत तो सर्वांत मोठा समजला पाहिजे. पश्चिम लाउडनमध्ये गावांच्या हद्दीबाहेर बहुतेक ठिकाणी नळयोजना नाही. प्रत्येक घराची स्वतःची बोअरवेल असते. ब्लू रिजच्या पायथ्याचा खडक कठीण आणि रूपांतरित आहे, त्यात पाणी सलग थरात न साठता भेगांमध्ये साठते, म्हणून एका घराच्या बोअरला भरपूर पाणी आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्याला जेमतेम, असे घडू शकते; दख्खनच्या काळ्या पाषाणात बोअर मारून हात पोळलेल्या मराठी शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. काउंटीतल्याच लकेट्स या वस्तीच्या परिसरात चुनखडी आहे, तेथे जमीन खचून खड्डे पडतात आणि वरचे दूषित पाणी गाळले न जाताच खाली पोहोचू शकते, म्हणून त्या भागासाठी काउंटीने वेगळे नियम केले आहेत. बोअर खणताना आरोग्य खात्याचा परवाना लागतो, पण ती एकदा चालू झाली की तिच्या पाण्याच्या शुद्धतेवर कोणतीही सरकारी यंत्रणा देखरेख ठेवत नाही. जंतू आणि नायट्रेट यांसाठी दरवर्षी तपासणी करून घेणे ही मालकाची जबाबदारी. पंप विजेवर चालतो, त्यामुळे हिमवादळात वीज गेली की दिव्यांबरोबर पाणीही जाते, आणि शहरातून आलेल्या कुटुंबाला हा धडा बहुधा पहिल्याच हिवाळ्यात मिळतो.

पाणी येण्याइतकेच त्याचे जाणे महत्त्वाचे. सांडपाणी घराशेजारच्या सेप्टिक टाकीत जाते, तेथे गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी जमिनीत पुरलेल्या सच्छिद्र नळ्यांतून शोषक्षेत्रात झिरपते. जमीन पाणी शोषते की नाही याची चाचणी झाल्याखेरीज घर बांधण्याची परवानगी मिळत नाही, म्हणजे वीस एकरांच्या सुंदर तुकड्यावर शोषक्षेत्रासाठी योग्य अशी गुंठाभर जागा सापडली नाही, तर तो तुकडा घरापुरता निरुपयोगी ठरतो. या यंत्रणेची क्षमता शयनगृहांवरून मोजतात. व्हर्जिनियात प्रत्येक शयनगृहामागे दिवसाला १५० गॅलन, म्हणजे साधारण ५७० लिटर सांडपाणी गृहीत धरले जाते. त्यामुळे तीन शयनगृहांच्या परवान्यावर उभ्या असलेल्या घराच्या तळघरात आणखी दोन खोल्या काढून ते पाच शयनगृहांचे म्हणून विकणे हा नुसता अतिशयोक्तीचा भाग राहत नाही, तो जमिनीच्या शोषणशक्तीशी केलेला खोटेपणा असतो. टाकी दर तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. ते विसरल्यास शोषक्षेत्र बुजते आणि मग दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरांच्या घरात जातो.

रस्त्यांची कथा निराळी. आर्थिक मंदीने काउंटींची तिजोरी रिकामी झाली असताना व्हर्जिनियाने १९३२ साली बर्ड कायद्याने काउंटीचे रस्ते स्वतःकडे घेतले. आर्लिंग्टन आणि हेन्रिको या दोन काउंटी आजही त्यातून बाहेर आहेत. म्हणून लाउडनमधील सार्वजनिक रस्त्यावरचे बर्फ राज्याचे परिवहन खाते काढते. पण पुष्कळ ग्रामीण घरांकडे जाणारी वाट खाजगी असते, आणि तेथे खडी टाकण्याचा, बर्फ सारण्याचा, वाहून गेलेली मोरी पुन्हा बांधण्याचा खर्च त्या वाटेवरच्या चार-सहा घरांनी आपसांत वाटून घ्यायचा असतो. तसा लेखी करार नसेल तर भांडणाला तोटा नसतो. काउंटीत २५० मैलांहून अधिक सार्वजनिक रस्ते अजून कच्चे आहेत. नवागताला ते डांबरी व्हावेत असे वाटते, तर जुने रहिवासी, विशेषतः मिडलबर्गच्या बाजूचे घोडेवाले, ते तसेच राहावेत म्हणून चळवळ करतात, कारण घोड्याच्या खुरांना मातीच बरी आणि डांबर आले की मागोमाग वाहनेही येतात. कचरा उचलणे हेही काउंटीचे काम नाही. त्यासाठी खाजगी कंत्राटदाराला पैसे द्यावे लागतात किंवा ठरवून दिलेल्या केंद्रावर स्वतः नेऊन टाकावा लागतो. अग्निशमन दलात पगारी जवानांबरोबर स्वयंसेवक असतात, आणि पाण्याचे बंब लावायला रस्त्यावर नळखांब नसल्याने टँकरने पाणी आणून आग विझवावी लागते.

करांच्या बाबतीत शहरापेक्षा खेडे स्वस्त, ही समजूतही तपासून पाहावी लागते. २०२४ साली लाउडनचा मालमत्ता कर मूल्याच्या प्रत्येक १०० डॉलरमागे साडेशह्याऐंशी सेंट होता, म्हणजे सहा लाख डॉलरच्या घरावर वर्षाला ५,१९० डॉलर. त्याखेरीज व्हर्जिनियात मोटारींवरही दरवर्षी कर बसतो, आणि जेथे दूध आणायलाही गाडी काढावी लागते तेथे घरात दोन-तीन गाड्या असतातच. जमिनीच्या बाबतीत मात्र मोठी सवलत आहे: किमान पाच एकरांवर खरोखरीची शेती होत असेल, किंवा वीस एकर वनक्षेत्र असेल, तर जमिनीचे मूल्य बाजारभावाने न धरता शेतीतील उपयोगाने धरले जाते. म्हणून कित्येक नवे मालक आपले कुरण शेजारच्या शेतकऱ्याला गवत कापायला देतात. शेतकऱ्याला चारा मिळतो, मालकाला सवलत. शेतीचा वापर मोडला तर मात्र चालू वर्षाचा आणि मागच्या पाच वर्षांचा वाचवलेला कर व्याजासह परत करावा लागतो, आणि हा बोजा जमिनीबरोबर येतो याची कल्पना नसलेला खरेदीदार अडचणीत सापडतो.

जमिनीबरोबर येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे संवर्धन करार. १९६६ च्या मोकळ्या जागांच्या कायद्याने व्हर्जिनियात अशी सोय केली की मालकाने आपल्या जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेला कायमचा देऊन टाकावा आणि बदल्यात करात सूट घ्यावी. दान केलेल्या हक्काच्या मूल्याच्या ४० टक्क्यांपर्यंत राज्य कर माफ करते. जमीन विकली गेली, वारसांकडे गेली तरी करार तसाच राहतो. शेजारच्या डोंगरउतारावर असा करार असेल तर समोरचे दृश्य सुरक्षित. स्वतः घेतलेल्या जमिनीवर असेल तर मुलासाठी दुसरे घर बांधण्याचा विचार सोडावा लागतो. सातबारावर इतर हक्कांचा रकाना न वाचता सौदा करणाऱ्याची जी गत होते तीच येथे होते.

शेतीचा शेजार म्हटला की वास, धूळ आणि आवाज आलेच. व्हर्जिनियाचा १९८१ पासूनचा ‘शेती करण्याच्या हक्का’चा कायदा शेतकऱ्याला अशा तक्रारींपासून संरक्षण देतो: रीतसर चाललेली शेती शेजाऱ्याला उपद्रव वाटते म्हणून न्यायालयात बंद पाडता येत नाही. आज मात्र पश्चिम लाउडनमधील आवाज शेतीचा कमी आणि पर्यटनाचा अधिक आहे. चाळीसहून अधिक द्राक्षमद्य कारखाने, लग्नसमारंभांची कोठारे आणि शनिवार-रविवारी वॉशिंग्टनहून येणाऱ्या गाड्यांची रांग यांना नियमांत शेतीपूरक व्यवसायाचे स्थान मिळाले आहे. दुसरीकडे, पूर्वेच्या अ‍ॅशबर्नमध्ये जगातील सर्वांत मोठा डेटा सेंटरांचा समूह उभा राहिला असून त्यांच्या करामुळे काउंटीची तिजोरी भरते व घरमालकांचा दर खाली राहतो. पण त्यांना लागणारी वीज आणणाऱ्या उच्चदाब वाहिन्या पश्चिमेच्या शेतांवरून नेण्याचे प्रस्ताव येतात तेव्हा तीच शेते घेऊन राहणारे लोक विरोधाला उभे राहतात. कर कमी हवा, पण मनोरा नको, ही भूमिका समजण्यासारखी आहे; प्रामाणिक मात्र तिला म्हणता येत नाही.

लाउडनच्या लोकसंख्येत आशियाई वंशाच्या लोकांचा वाटा सुमारे एक-पंचमांश असून त्यात भारतीय सर्वाधिक आहेत, आणि माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे अ‍ॅशबर्न व साउथ रायडिंग भागांत मराठी कुटुंबांची वस्तीही चांगली आहे. त्यांपैकी कोणी पश्चिमेकडे जाण्याचा विचार केला तर मोजायच्या गोष्टी काही प्रमाणात निराळ्या असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेट्रोची सिल्व्हर लाइन अ‍ॅशबर्नपर्यंत आली, पण तेथून पुढे जवळजवळ सारे मोटारीवर अवलंबून आहे. पर्सेलव्हिलला जाणारी जुनी रेल्वे १९६८ साली बंद पडली आणि तिच्या मार्गावर आता सायकलवाट आहे. महाराष्ट्रातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील गाडी चालवत नसतील तर त्यांच्यासाठी वीस एकरांचे मोकळे रान हे दिवसभराचे एकटेपण ठरू शकते, आणि शँटिलीच्या राजधानी मंदिरापर्यंतची फेरी अर्ध्या दिवसाचे काम होते. ग्रामीण शाळा लहान आणि जिव्हाळ्याच्या असतात, पण पटसंख्या घटली की बंद करण्याची चर्चा सुरू होते. मिडलबर्ग आणि हिल्सबरो येथील प्राथमिक शाळा पालकांनी स्वायत्त चार्टर शाळा करून टिकवल्या. हरणांबरोबर येणाऱ्या गोचिडी आणि त्यांच्यापासून होणारा लाइम आजार यांची काळजी अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या घरी रोजची असते.

या सर्व गोष्टी घर पाहायला गेल्यावर डोळ्यांना दिसत नाहीत, आणि विकणाऱ्याने त्या सांगाव्यात अशीही अपेक्षा धरता येत नाही, कारण व्हर्जिनियाच्या निवासी मालमत्ता कायद्यानुसार विक्रेता बहुतेक बाबतींत घराच्या स्थितीविषयी कोणतीही हमी देत नाही आणि चौकशीची जबाबदारी खरेदीदारावर टाकतो. म्हणून पश्चिम लाउडनमध्ये घर घेऊ पाहणाऱ्याने सौद्यात पाणी आणि सेप्टिक तपासणीची अट घालून घ्यावी, जमिनीवरचे करार व करसवलत यांची नोंद लीझबर्गच्या काउंटी कार्यालयात पाहावी, आणि त्याच गावातील आरोग्य खात्याकडून बोअरचे उत्पन्न, शोषक्षेत्राचा आराखडा व मंजूर शयनगृहांची संख्या यांची प्रत मागून घ्यावी. ती मागायला जमिनीचा मालक असावे लागत नाही.